आधी काय उघडायचे? साथीतला कारखाना, बाजार आणि पहिलीचा वर्ग



10 डिसेंबर 2020 रोजी वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी पर्यटकांसाठी पुन्हा उघडली. मार्चच्या मध्यापासून ती बंद होती. गाइड, रिक्षावाले, हॉटेलचालक, लेण्यांबाहेर पुस्तके आणि दगडी मूर्ती विकणारे अशा सगळ्यांनी नऊ महिने कसेबसे काढले होते. लेणी उघडा, हा त्यांचा धोशा रास्तच होता. पण त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या कागदोपत्री औरंगाबादेत, जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने आपला वर्ग एकदाही पाहिलेला नव्हता. पुढेही जवळजवळ वर्षभर तो त्याला दिसणार नव्हता. राज्याने पहिलीचे वर्ग भरवायला परवानगी दिली ती 1 डिसेंबर 2021 पासून. तोवर ते मूल कागदावर दुसरीत जाऊन पोचले होते.

स्मृती व्याख्यानाच्या व्यासपीठावरून जुनी भांडणे उकरून काढू नयेत, असा एक अलिखित संकेत असतो. आज तो मोडायचा आहे. कोरोनाच्या काळात ‘उघडा’ म्हणणारे आणि ‘बंद ठेवा’ म्हणणारे यांच्यात या शहरात जे भांडण झाले, ते कधी मिटलेच नाही. साथ ओसरली आणि माणसे आपापल्या कामाला लागली. त्यामुळे कोण बरोबर होते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. या व्याख्यानाचा मुद्दा असा की, भांडण चालले ते वेगावरून, आणि नुकसान झाले ते क्रमातून. किती लवकर उघडायचे यावर दोन वर्षे वाद झाला. आधी काय आणि शेवटी काय, हे मात्र ज्याचा आवाज मोठा त्याच्या कलाने ठरत गेले.

बंद करण्याचा कायदा

13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्र सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा 1897चा. मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून तो जन्मला आणि त्याच वर्षी 22 जूनला पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. घराघरांत शिरून झडत्या घेणाऱ्या प्लेग कमिटीविरुद्धचा संताप त्यामागे होता. म्हणजे साथ आणि सत्ता यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय योजता येतील, न ऐकणाऱ्याला शिक्षा करता येईल, आणि अधिकाऱ्याने सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा लावता येणार नाही, एवढे तो सांगतो. बंद केलेले पुन्हा केव्हा उघडायचे, कोणत्या निकषावर, कोणाला विचारून, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

24 मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभराची टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती लागू झाली. ते पाऊल चूक होते असे म्हणणे सोपे आहे, पण त्या घडीला या विषाणूबद्दल कोणाला फारसे ठाऊक नव्हते. इथल्या सरकारी घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही नव्हते आणि दिल्लीलाही नव्हते. वेळ विकत घेणे हाच शहाणपणा होता. प्रश्न उरतो तो विकत घेतलेल्या वेळेचे काय केले, हा.

त्या वेळेची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर या शहराच्या उंबरठ्यावर आहे. 8 मे 2020 रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसे. काम बंद, मजुरी बंद, म्हणून भुसावळहून गावाकडची रेल्वे मिळेल या आशेने रात्रभर रुळांवरून चालत आली होती. टाळेबंदीत गाड्या धावत नाहीत असे समजून थकून आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशभर छापले गेले. ‘उघडा’ म्हणणारे सगळे नफेखोर आणि ‘बंद ठेवा’ म्हणणारे सगळे माणुसकीचे, अशी वाटणी ज्याला करायची असेल त्याने करमाडला जाऊन यावे.

वाळूजचा उलटा पेच

1985 मध्ये शहराजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि या शहराचा चेहरामोहरा बदलला. सुटे भाग बनवणारे शेकडो लघुउद्योग उभे राहिले, बजाजनगर वसले, रांजणगाव-जोगेश्वरीच्या शेतांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या. वाळूज बंद म्हणजे मराठवाड्यातल्या हजारो घरांचा पगार बंद. म्हणून एप्रिल 2020च्या अखेरीस कारखान्याची चाके पुन्हा फिरू लागली तेव्हा शहराने सुटकेचा श्वास सोडला.

बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज हे टाळेबंदीचे देशातले सर्वांत बोलके टीकाकार. 4 जून 2020 रोजी राहुल गांधींशी झालेल्या जाहीर संवादात त्यांनी या टाळेबंदीला जाचक म्हटले. साथीचा आलेख सपाट करायला निघालो आणि अर्थव्यवस्थेचा सपाट करून बसलो, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच त्यांच्याच वाळूजच्या कारखान्यात रुग्णांची संख्या अडीचशेच्या वर गेली. आठ हजारांहून अधिक माणसे काम करतात त्या ठिकाणी काही कामगार दगावले. कामगार संघटनेने मागणी केली की, साखळी तुटेपर्यंत काही दिवस कारखाना बंद ठेवा. कंपनीची भूमिका अशी की, विषाणूसोबत जगायला शिकले पाहिजे, आणि जो कामावर येणार नाही त्याला पगार मिळणार नाही.

इथे नेहमीचा हिशेब उलटा झालेला दिसतो. पोटासाठी कामगार ‘उघडा’ म्हणेल आणि सुरक्षित घरात बसलेला सुखवस्तू माणूस ‘बंद ठेवा’ म्हणेल, असे टाळेबंदीच्या टीकाकारांचे गृहीतक होते. वाळूजमध्ये ‘बंद ठेवा’ म्हणणारा कामगार होता. याचे कारण कारखान्याच्या आत नव्हे, बाहेर शोधावे लागते. गेटवर तापमान मोजणारी बंदूक होती, सॅनिटायझर होते, यंत्रांमध्ये अंतर होते. पण पाळी संपली की तोच कामगार भरलेल्या बसमधून दहा बाय दहाच्या खोलीत परत जायचा. तिथे तिघे-चौघे एकाच खोलीत, पाण्याचा नळ सामाईक, संडास सामाईक. दिवसपाळीचा उठला की त्याच चटईवर रातपाळीचा आडवा व्हायचा. कारखान्याने आपली भिंत सुरक्षित केली, पण विषाणूला भिंतीशी देणेघेणे नव्हते. जोखीम कामगाराच्या घरी पोचली, आणि कारखाना केव्हा सुरू करायचा हे ठरवताना ती कारखान्याच्या खात्यावर कोणी मांडलीच नव्हती.

जुलैच्या सुरुवातीला आधी वाळूज परिसरात आणि मग 10 ते 18 जुलैपर्यंत शहरासह सगळीकडे कडक संचारबंदी झाली. उद्योगही बंद राहिले. ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’ या उद्योजकांच्या दोन्ही संघटना प्रशासनाच्या बैठकांना होत्या. त्यांना ऑर्डर हातच्या जातील अशी रास्त भीती होती, आणि ती त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडली. कामगार संघटनेने आपली बाजू वर्तमानपत्रांतून मांडली. भांडण झाले, पण दोन्ही बाजूंना तोंड होते.

गुलमंडीची सम-विषम तारीख

बाजाराची गोष्ट वेगळी आणि काहीशी गमतीची. ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने राज्याने 5 जून 2020 पासून दुकाने उघडायला मुभा दिली, पण रस्त्याची एक बाजू सम तारखेला आणि दुसरी विषम तारखेला. कागदावर हे चोख होते. गर्दी निम्मी होईल, असा हिशेब. गुलमंडी, पैठण गेट, सिटी चौक या अरुंद बाजारांत प्रत्यक्षात झाले ते असे की, ज्या बाजूची दुकाने उघडी, तिकडे सगळे गिऱ्हाईक एकवटले. साडीवाला आज उघडा तर समोरचा मॅचिंगवाला उद्या, म्हणून एका खरेदीसाठी घरातली बाई दोनदा बाजारात आली. ज्याचे दुकान कोपऱ्यावर, त्याची बाजू कोणती, यावर महापालिकेच्या पथकाशी हुज्जत. बंद असलेल्या बाजूचे शटर अर्धे वर करून आत व्यवहार चालायचा आणि पोरगा बाहेर पहाऱ्याला उभा राहायचा.

जुलैची संचारबंदी उठताना महापालिकेने जरा बरी युक्ती केली. व्यापारी आणि विक्रेत्यांनी अँटिजेन चाचणी करून घ्यावी, मग दुकान उघडावे. तारखेपेक्षा ही अट अर्थपूर्ण होती. तारखेला विषाणूशी कर्तव्य नसते, चाचणीला असते. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, रांगा लागल्या, पण रोज शेकडो लोकांच्या संपर्कात येणारी माणसे निदान तपासली तरी गेली.

मग आला मार्च 2021. दुसरी लाट उसळली होती. 11 मार्चपासून अंशतः निर्बंध आणि शनिवार-रविवार पूर्ण बंद, अशी घडी जिल्ह्याने बसवली होती. ती पुरेना, तेव्हा जिल्हा प्रशासनाने 30 मार्चच्या मध्यरात्रीपासून पूर्ण टाळेबंदी जाहीर केली. खासदार इम्तियाज जलील यांनी 31 तारखेला मोर्चाची हाक दिली. आधी रुग्णालये सुधारा, रिकामी पदे भरा, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, असे त्यांचे म्हणणे. व्यापाऱ्यांचाही विरोध होताच. 30 मार्चच्या रात्री आदेश मागे घेतला गेला. समर्थकांनी खासदारांना खांद्यावर घेऊन जल्लोष केला, आणि त्या गर्दीबद्दल पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय आरोग्य खात्याने देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या दहा जिल्ह्यांची यादी वाचून दाखवली. दहापैकी आठ महाराष्ट्रातले होते आणि त्यांत औरंगाबाद होते. पंधरवड्याने, 14 एप्रिलच्या रात्री, राज्यभराचे ‘ब्रेक द चेन’ निर्बंध आले आणि रद्द झालेली टाळेबंदी मुंबईच्या शिक्क्यानिशी परत आली.

खासदारांचे म्हणणे निराधार नव्हते. रुग्णालयांची क्षमता वाढवण्यासाठी वर्षभर मिळाले होते. पण आदेश निघाला तो कोणत्या आकड्यावर आणि मागे घेतला तो कोणत्या आकड्यावर, हे शहराला कोणी सांगितले नाही. बंदचा आदेश प्रशासनाच्या अंदाजाने निघतो आणि मोर्चाच्या इशाऱ्याने मागे जातो, असे एकदा दिसले की पुढच्या आदेशाचा वचक जातो.

त्या मानाने 7 जून 2021 पासून राज्याने आणलेली पाच स्तरांची पद्धत सरस होती. शंभर चाचण्यांत किती बाधित आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरलेल्या, या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. मोठ्या महापालिकांना स्वतंत्र घटक मानले होते, त्यामुळे औरंगाबाद शहर पहिल्या स्तरात तर ग्रामीण भाग तिसऱ्या स्तरात आला. कोणालाही वर्तमानपत्रात आकडा पाहून उद्या काय उघडे असेल ते सांगता येत होते. ही पद्धत तीन आठवडेच टिकली. डेल्टा प्लसच्या धास्तीने 28 जूनपासून सगळ्यांना किमान तिसऱ्या स्तरात आणले गेले आणि बाधितांचे प्रमाण कमी ठेवलेल्या शहरातही दुकाने चारला बंद होऊ लागली. शिस्त पाळणाऱ्याला बक्षीस मिळत नाही, हा धडा व्यापाऱ्याने घेतला असेल तर त्याला दोष कसा द्यायचा?

मुलांच्या वतीने कोण बोलले?

या सगळ्या धामधुमीत शाळा कुठे होत्या? मार्च 2020 मध्ये त्या बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. मे महिन्यात दारूची दुकाने उघडायला मुभा मिळाली. ऑगस्टमध्ये मॉल, ऑक्टोबरमध्ये हॉटेले, दिवाळी पाडव्याला 16 नोव्हेंबरला मंदिरे-मशिदी. प्रार्थनास्थळांसाठी या शहरात सप्टेंबरमध्येच आंदोलन होऊन गेले होते आणि खडकेश्वराच्या मंदिरापाशी दोन पक्ष समोरासमोर आले होते. शाळा उघडा म्हणून क्रांती चौकात कोणी ठाण मांडल्याचे ऐकिवात नाही.

राज्याने नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून भरवायला हिरवा कंदील दिला आणि निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शाळा सुरू झाल्या. शहरातल्या शाळा महापालिकेने 3 जानेवारीपर्यंत बंद ठेवल्या. मधल्या काळात 1 डिसेंबरला औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघाचे मतदान यथासांग पार पडले. निवडणुकीसाठी शाळांच्या इमारती चालतात, हे त्या इमारतींच्या मालकांना नेहमीच ठाऊक असते. 27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवी सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत दुसऱ्या लाटेने पुन्हा कुलूप लागले.

त्यानंतरचा घटनाक्रम मुद्दाम सावकाश पाहावा असा आहे. 20 जुलै 2021 रोजी आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी चौथ्या सिरो सर्वेक्षणाचे निष्कर्ष सांगितले. सहा ते नऊ वर्षांच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती, म्हणजे शाळा बंद ठेवूनही विषाणू त्यांच्या घरी येऊन गेला होता. लहान मुलांचे शरीर हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलते, म्हणून शाळा उघडायच्या झाल्या तर आधी प्राथमिक उघडा, असे ते म्हणाले. महाराष्ट्रात क्रम याच्या बरोबर उलटा लागला. 15 जुलैला कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी. ऑगस्टच्या मध्याला आणखी वर्ग उघडायचा आदेश निघाला आणि राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या आक्षेपाने दोन दिवसांत थांबला. 4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून. पहिली सगळ्यांत शेवटी, 1 डिसेंबरला, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्याहून दोन आठवड्यांनी.

मोठ्या वर्गांना बोर्डाची परीक्षा असते, म्हणून ते आधी. परीक्षेला महत्त्व आहे, अक्षरओळखीला नाही, असा त्याचा अर्थ होतो. ज्या मुलाला वाचता येते ते पुस्तक घेऊन घरी बसू शकते. ज्याला ‘क’ आणि ‘फ’ यातला फरक अजून कळायचा आहे, त्याला बाई समोर लागतात.

8 जानेवारी 2022 ला, ओमायक्रॉनच्या लाटेत, नवा आदेश निघाला. शाळा 15 फेब्रुवारीपर्यंत बंद. व्यायामशाळा आणि ब्यूटी पार्लरही बंद. दुसऱ्याच दिवशी, 9 जानेवारीला, आदेश दुरुस्त झाला आणि व्यायामशाळा व पार्लर निम्म्या क्षमतेने चालू ठेवायला परवानगी मिळाली. शाळांसाठी अशी दुरुस्ती व्हायला 20 जानेवारी उजाडली आणि वर्ग भरायला 24 जानेवारी. पार्लरचालकांचे पोट त्यावर होते, त्यांनी आरडाओरड केली ती योग्यच केली. पण एका दिवसात फिरणारा आदेश आणि पंधरवड्याने फिरणारा आदेश यांतला फरक विषाणूने केलेला नाही.

दुसरी बाजू

‘बंद ठेवा’ म्हणणाऱ्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. टास्क फोर्समधल्या डॉक्टरांनी एप्रिल-मे 2021 मध्ये ऑक्सिजनसाठी धावणारे नातेवाईक पाहिले होते. तिसरी लाट मुलांना गाठेल अशी चर्चा देशभर होती. जिल्हा परिषदेचे शिक्षक चेकपोस्टवर, घरोघरच्या सर्वेक्षणात, विलगीकरण केंद्रांत राबत होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना संसर्ग झाला होता. मूल शाळेतून विषाणू घेऊन येईल आणि घरातल्या आजीला देईल, ही भीती एकत्र कुटुंबांच्या समाजात पोकळ म्हणता येत नाही. पालकांच्या संमतिपत्राची अट होती आणि पुष्कळ पालक सही करायला कचरत होते.

इस्रायलचा दाखलाही त्यांच्या बाजूने होता. तिथे मे 2020 मध्ये शाळा घाईने पूर्ण उघडल्या. उष्णतेच्या लाटेत मास्कची सक्ती काही दिवस शिथिल केली, वर्गांत एसी अखंड चालू. जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत 153 विद्यार्थी आणि 25 कर्मचारी बाधित निघाले. मात्र तो दाखला नीट वाचला तर तो मोठ्या मुलांच्या, गच्च भरलेल्या, खिडक्या बंद असलेल्या वर्गांचा आहे. त्याच्या महिनाभर आधी, 15 एप्रिल 2020 ला, डेन्मार्कने उलट टोकाने सुरुवात केली होती. अकरा वर्षांपर्यंतची लहान मुले आधी, छोट्या गटांत, जमेल तितके उघड्यावर. लहान मूल शाळेत गेले की आईबापांना कामावर जाता येते, हा साधा हिशेबही त्यात होता. शाळा आणि धंदा हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत असे तिथे कोणी मानले नाही.

आणखी मागे जायचे तर 1918च्या इन्फ्लुएन्झात न्यूयॉर्कच्या आरोग्य आयुक्तांनी, रॉयल कोपलँड यांनी, शाळा चालूच ठेवल्या. त्या शहरातली बहुसंख्य मुले कोंदट चाळींत राहत होती. शाळेत उजेड होता, हवा होती, आणि रोज मुलांची तपासणी होत होती. मूल घरापेक्षा शाळेत अधिक सुरक्षित आहे, असा त्यांचा निष्कर्ष. संजयनगर-मुकुंदवाडी, नूर कॉलनी, किलेअर्क या 2020च्या उन्हाळ्यात साथीने घेरलेल्या दाट वस्त्यांची नावे आठवली की या युक्तिवादाचे वजन कळते.

राहिलेला अभ्यास

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे राज्याच्या उपक्रमाचे नाव होते. सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020 पासून ‘टिलीमिली’ ही मालिका आली, आणि ज्या घरात टीव्ही होता तिथे ती पाहिलीही गेली. शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले तर या काळात जपानी भाषा शिकत होती. कोणती परकी भाषा शिकायची, असे विचारल्यावर रोबो आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने मुलांनीच जपानी निवडली होती. गावात इंटरनेट धड नाही, प्रत्येकाकडे फोन नाही. म्हणून ‘विषयमित्र’ अशी तोड काढली गेली. ज्या मुलाला फोनवरचा धडा मिळाला त्याने तो इतरांना शिकवायचा. एखाद्या ओट्यावर चार पोरे कोंडाळे करून बसली आणि पाचवा त्यांना जपानी उच्चार म्हणून दाखवतो, हे चित्र कौतुकाचे आहेच. ते अपवादाचे आहे, हेही तितकेच खरे.

सर्वसाधारण चित्र अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत दिसते. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रासह 15 राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधली सुमारे 1,400 मुले त्यांनी गाठली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले निघाली 8 टक्के. अजिबात न शिकणारी 37 टक्के. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीनुसार दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले देशाच्या ग्रामीण भागात 2018 मध्ये 27.3 टक्के होती, ती 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आली. महाराष्ट्राची घसरण याहून मोठी होती. त्याच राज्यात 2021च्या दहावीचा निकाल परीक्षेविना 99.95 टक्के लागला होता.

शाळा ही मराठवाड्याला सहज मिळालेली गोष्ट नव्हे. निजामी राजवटीत उर्दूचे प्राबल्य असताना 1915 मध्ये सरस्वती भुवन उभी राहिली. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वर्गाबाहेर ठेवले गेले त्यांच्यासाठी. त्याच प्रदेशात दीड वर्ष वर्ग रिकामे राहिले तेव्हा काही मुली बोहल्यावर चढवल्या गेल्या आणि काही मुले आईबापांसोबत उसाच्या फडात गेली. या शहरात पहिली ओरड त्यांच्यासाठी व्हायला हवी होती.

पुढच्या वेळचा कागद

अटी घालायची ताकद प्रशासनाकडे नव्हती, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये लसीकरणात हा जिल्हा राज्यात 26व्या क्रमांकावर होता. पात्र लोकांपैकी पंचावन्न टक्क्यांच्या आसपास लोकांनी लस घेतली होती, राज्याची सरासरी चौऱ्याहत्तरच्या घरात. तेव्हा जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला की, लसीचे प्रमाणपत्र नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. रेशनला अट लावणे योग्य होते का, यावर वाद घालता येईल. पण पेट्रोलपंपाला जी अट घालता येते तीच वर्षभर आधी शाळेच्या फाटकाला चाचणीच्या रूपाने आणि नंतर शिक्षकांच्या लसीच्या रूपाने घालता आली असती. शिक्षकांचे लसीकरण 5 सप्टेंबर 2021 पूर्वी उरकावे, असे केंद्राला ऑगस्टच्या अखेरीस सुचले.

15 जुलै 2021 च्या आदेशात एक चांगली गोष्ट होती, ती उचलण्यासारखी आहे. महिनाभर गावात एकही रुग्ण नसावा, सरपंचाच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावे, त्या समितीत मुख्याध्यापक, तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष असावा. एका वर्गात पंधरा-वीस मुले, एका बाकावर एक. इथे निकष ठरलेला होता, निर्णय जवळचा होता, आणि टेबलाशी शाळेचा माणूस बसलेला होता. तो नियम आठवीपासून लावला, पहिलीपासून लावला असता तर चालला असता.

शहरासाठी असे टेबल अजून नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्याचे प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, स्थानिक संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी सहअध्यक्ष, पोलिस अधीक्षक आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य. शिक्षणाधिकाऱ्याचे नाव कायद्यात नाही. राज्य सरकारला आणखी जास्तीत जास्त दोन जिल्हास्तरीय अधिकारी नेमता येतात. त्यांपैकी एक जागा शिक्षणाधिकाऱ्याला देण्यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रालयातली एक सही लागते. त्याच कायद्यानुसार जिल्ह्याचा आपत्ती आराखडा वेळोवेळी तपासून सुधारावा लागतो. त्यात पूर येतो, भूकंप येतो, आग येते. साथीच्या प्रकरणात दोन पाने वाढवावी लागतील. पहिल्या पानावर बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या खाटा यांचे आकडे, म्हणजे कोणत्या आकड्याला काय बंद आणि कोणत्या आकड्याला काय चालू. दुसऱ्या पानावर उघडण्याचा क्रम, वर अंगणवाडी आणि पहिली-दुसरी, मग कारखाने, त्यांच्या शेजारी कामगारांच्या खोल्या आणि बसची व्यवस्था कोणी करायची हे मालकाच्या जबाबदारीसह, मग दुकाने, आणि सभागृहे, मंगल कार्यालये शेवटी. उद्योजकांच्या संघटना, व्यापारी महासंघ, कामगार संघटना आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांनी या दोन पानांवर आत्ताच, साथ नसताना, वाद घालावा. हरकती नोंदवायची जागा जिल्हाधिकारी कार्यालयात आहे.